काल्पनिक प्रवासात अडचणीही हव्यात

स्पॅनिश बोलण्याच्या सरावासाठी घरीच माद्रिदच्या काल्पनिक सहलीचे प्रसंग वठवले, तर पाठ केलेलीच वाक्ये पुन्हा पुन्हा म्हटली जातात, असा आक्षेप घेतला जातो; तो मला अंशतः मान्य आहे. मात्र दोष सहलीचा नसून समोरची भूमिका करणाऱ्या माणसाच्या अतिसौजन्याचा आहे. परभणीत दर रविवारी माझा मावसभाऊ जेवणाच्या टेबलामागे माद्रिदच्या अतोचा रेल्वे स्थानकाचा तिकीटविक्रेता होऊन बसतो आणि मी सेव्हिया या स्पॅनिश शहराचे ‘ईदा ई व्हुएल्ता’, म्हणजे जाण्यायेण्याचे तिकीट मागितले, की सकाळची गाडी भरली आहे किंवा सुट्टे पैसे नाहीत, असे सांगून मला अडवतो. (सुट्ट्यांची अडचण माद्रिदपेक्षा आपल्या बसस्थानकावरची अधिक वाटते, पण सरावाला ती चालते.)

याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की हा सराव इंग्रजीच्या आधाराने न करता थेट मराठीतून करावा. मी कित्येक महिने इंग्रजीतल्या ‘आय लाइक’चे शब्दशः भाषांतर करून ‘यो गुस्तो’ असे चुकीचे बोलत होतो. वास्तविक ‘मे गुस्ता एल काफे’ ही रचना ‘मला कॉफी आवडते’ अशीच आहे. आवडणारी वस्तू अनेकवचनी झाली, की ‘मला संत्री आवडतात’प्रमाणे तिथेही ‘मे गुस्तान लास नारान्हास’ होते. स्पॅनिशमधले ‘तू’ हे सर्वनाम तर उच्चारासकट आपलेच आहे. अनोळखी व्यक्तीसाठी ‘उस्तेद’, म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’, असते, हेही आपल्याला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. फक्त स्पेनमध्ये ‘तू’ आपल्यापेक्षा बऱ्याच सैलपणे वापरतात.