महागडी शॉटगन: पैसे भरवशाचे की नावाचे?

बंकरबाहेर

परवा चकती-नेमबाजीवरच्या (हवेत उडवलेल्या चकत्या शॉटगनने फोडायचा खेळ) एका लेखात वाचलं: "पेराझी, क्रीगहॉफ असल्या महागड्या शॉटगन घेणारे नावाचे पैसे मोजतात. मिरोकूची साधी दुनळी तेवढीच टिकते आणि तेवढ्याच चकत्या फोडते. बाकी सगळं नक्षीकाम." खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. नवीन मुलं असलं वाचून बंदूक घेतात, म्हणून या धाग्यात जरा सविस्तर लिहितोय.

मिरोकू दणकट आहे यात वाद नाही. ब्राउनिंगच्या बी-२५ चा वारसा आहे तो. बिजागरीला या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारी जाड पिन आणि खालून सरकणारा रुंद बोल्ट. १९३१ पासून ही रचना मार खात उभी आहे. पण "बिघडत नाही" आणि "बिघडली तर पुढे काय" हे दोन प्रश्न लेखकाने एकाच पोत्यात घातलेत.

पेराझीची एमएक्स-८ घ्या. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकसाठी डॅनिएले पेराझींनी ती काढली, सोबत एन्नियो मात्तारेल्ली होते, म्हणजे १९६४ चे टोकियोचे ट्रॅप (चकत्या नेमबाजापासून दूर उडतात तो प्रकार) विजेते. खेळणाऱ्याला काय नडतं हे माहीत असलेल्या माणसाची बंदूक आहे ती. सेफ्टी जोर लावून पुढे ढकलली की अख्खा ट्रिगर हातात येतो. स्प्रिंग तुटली? दुसरा ट्रिगर बसवा आणि रेषेवर परत या. हेच काम साध्या बंदुकीत करायचं तर रिकॉइल पॅड (दस्त्यामागचं रबर) काढा, लांब स्क्रूड्रायव्हर आत घाला, दस्त्याचा बोल्ट सोडवा, आणि मग कुठे बिघाड डोळ्यांना दिसतो. तोवर तुमची स्क्वॉड, म्हणजे सोबत खेळणारा गट, पुढच्या स्टेशनवर (उभं राहायच्या जागेवर) गेलेली असते. १२५ चकत्यांच्या पात्रता फेरीत दोन चकत्यांवर माणूस अंतिम फेरीबाहेर जातो. पैसे या गोष्टीचे आहेत.

साधी दुनळी

लेख माझा आहे. वाचल्याबद्दल आभार.

तुम्ही माझीच बाजू मांडलीत. ट्रिगर काढता यावा अशी गरजच का पडते? एमएक्स-८ मध्ये पाती स्प्रिंग (वाकवलेल्या चपट्या पट्टीची) असते आणि ती कधीतरी तुटते, म्हणून. आधी दुखणं द्यायचं, मग औषध खिशात आहे म्हणून कौतुक करून घ्यायचं. कॉइल (वेटोळ्याच्या) स्प्रिंगचा एखादा वेढा तुटला तरी ती बऱ्याचदा दिवस काढते. खुद्द पेराझीनेच एमएक्स-१२ काढली, कॉइल स्प्रिंगची आणि न निघणाऱ्या ट्रिगरची. कंपनीलाच जे पटलं ते भक्तांना पटत नाही.

पातीवाला

"दिवस काढते" यावरच आक्षेप आहे. पाती तुटली की तुटली. कळतं, बदलता, विषय संपला. कॉइल मात्र गुपचूप मऊ पडत जाते. फायरिंग पिनचा ठसा उथळ होतो, एखादं काडतूस वाजत नाही, माणूस काडतुसाला शिव्या घालतो आणि महिनाभर तीच बंदूक वापरतो. यात भरवशाची कोणती, तुम्हीच सांगा. शिवाय पातीच्या ट्रिगरचा जो कोरडा, काचेसारखा तुटक झटका आहे, तो एकदा बोटाला लागला की परत जाववत नाही.

साधी दुनळी

बोटाला काय लागतं याची चर्चा नाहीये. भरवशाची आहे.

काडतूसवाला

थांबा. "काडतुसाला शिव्या घालतो" म्हणे! काडतुसाचीच चूक असते, दहात आठ वेळा. स्वस्तातल्या पेट्यांमध्ये प्रायमर (काडतुसाच्या बुडाची, ठोका बसला की पेटणारी टोपी) कडक असतात, कधी खोल बसवलेले असतात. बोट फिरवून पाहायचे कष्ट कोण घेतो? प्रायमर बुडाशी सपाट हवा, खाली गेलेला दिसला तर ते काडतूस बाजूला ठेवायचं. बंदुकीवर एवढा खर्च करून त्यात सापडेल ती पेटी ओतणारे मी रोज पाहतो.

दुसरं. ऑलिंपिक ट्रॅप आणि स्कीट (चकत्या समोरून आडव्या जातात तो प्रकार) यांना २४ ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत. इनर्शिया ट्रिगरवाल्या बंदुकीत दुसरी नळी सज्ज होते ती पहिलीच्या धक्क्याने. बंदूक जड, भार हलका, खांद्याला घट्ट दाबलेली, वर ट्रिगरमध्ये घाण, मग कधीतरी दुसरा बार उडत नाही. पहिलं काडतूस फुसकं निघालं तर धक्काच नाही, म्हणजे दुसराही गेला. मेकॅनिकल ट्रिगरला धक्का लागत नाही, म्हणून हे दुखणं नाही. ब्राउनिंगने ७२५ या मॉडेलमध्ये मेकॅनिकल दिला तो उगाच नाही. आणि तुम्ही दोघं स्प्रिंगवर भांडताय.

पातीवाला

इनर्शिया ट्रिगर नीट जुळवलेला असेल तर २४ ग्रॅमवर बिनतक्रार चालतो. नसेल तर आर्मररकडे (बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडे) न्या. काडतूस, काडतूस, काडतूस. कुठल्याही धाग्यात हेच.

काडतूसवाला

हो, हेच. कारण ऐकत कुणी नाही. गेल्या मोसमात माझ्या शेजारच्या स्टेशनवर एकाची बंदूक वाजली नाही. नियम काय? तोंड मैदानाकडे, उघडायची नाही, सेफ्टीला हात लावायचा नाही, रेफरी येऊन पाहीपर्यंत तसंच उभं राहायचं. या गृहस्थांनी वैतागून खाडकन उघडली. चकती हुकली म्हणून लिहिली गेली. बंदूक कुठली होती? तीच, काढता येणाऱ्या ट्रिगरची. बंदुकीच्या पेटीत दुसरा ट्रिगर मखमलीवर झोपलेला होता. तुमचं ते पन्नास वर्षांचं इंजिनिअरिंग काय कामाला आलं?

बंकरबाहेर

नियम न पाळणाऱ्या माणसाचा दोष बंदुकीच्या माथी का मारताय? उघडली नसती तर रेफरीने मालफंक्शन (बंदुकीचा बिघाड) दिलं असतं आणि ट्रिगर बदलून तो खेळला असता. तुमची गोष्ट माझ्या बाजूची आहे.

आणि टिकण्याचंच म्हणाल तर अमेरिकेची नेमबाज किम रोड घ्या. १९९६ ते २०१६, सलग सहा ऑलिंपिकमध्ये पदक. २००८ मध्ये बीजिंगहून आल्यावर तिची पेराझी गाडीतून चोरीला गेली, पुढच्या वर्षी परत मिळाली. चोरी होईपर्यंत तीच एक बंदूक तिने वर्षानुवर्षं चालवली, तीही आपण सगळे मिळून उडवणार नाही इतक्या काडतुसांनी. नक्षीकाम एवढं चालत नाही.

साधी दुनळी

विजेत्याच्या हातातली बंदूक दाखवू नका. त्यांच्या मागे कंपनीचा माणूस उभा असतो, मोठ्या स्पर्धांत कंपन्यांचे आर्मरर हजर असतात. मी एक नामांकित, अतिशय महाग बंदूक वापरलेली आहे, नाव घेत नाही. पहिल्याच मोसमात इजेक्टर (रिकामं काडतूस बाहेर फेकणारा भाग) अडकायला लागला, सुटा भाग मागवला, मोसम संपला तरी आला नाही. त्या काळात उसनी मिरोकू खेळलो आणि तिनेच मला अंतिम फेरीत नेलं. ज्याच्या दाराशी कंपनीचा कारागीर नाही, त्याच्यासाठी भरवसा म्हणजे सुटा भाग वेळेवर मिळणं.

तिसरं स्टेशन

सगळे पुरुष स्प्रिंगांवर भांडताहेत म्हणून लिहिते. माझ्या हातात येणारी प्रत्येक तयार बंदूक दस्त्याला लांब आणि तोंडाशी जड. गाल दस्त्यावर बसत नाही, डोळा नळीवरच्या पट्टीच्या वर राहतो आणि मग सल्ला मिळतो, "ताई, नेम सुधारा." दस्ता मापाने करून मिळतो याचे पैसे मी आनंदाने देईन. मी स्कीट खेळते, बंदूक कमरेशी धरून चकती मागते, खांद्यावर आणायला क्षणभर मिळतो. त्या क्षणात जी जागेवर बसत नाही, तिची बिजागरी शंभर वर्षं टिकली तरी मला काय त्याचं? एकाने तरी मापाचा शब्द काढला का वर?

बंकरबाहेर

नाही काढला, आणि तो काढायला हवा होता. पण मग मापाने करून देणारे कोण? तेच नावाचे.

साधी दुनळी

कुठलाही चांगला दस्ताकार कुठल्याही बंदुकीचा दस्ता कापून, वाकवून देतो. त्यासाठी नाव लागत नाही.

तिसरं स्टेशन

माझ्या मुद्द्यावरून पुन्हा आपलंच भांडण सुरू केलंत. छान.

टेबलावरची बंदूक

बंदुका दुरुस्त करणं हा माझा धंदा आहे, म्हणून एकदाच लिहितो.

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक "बिघडलेल्या" बंदुकांना स्प्रिंग लागत नाही. बिजागरीवर ग्रीसचा थेंब नसतो, इजेक्टरखाली जळकी पूड आणि प्लास्टिकची साल बसलेली असते, ट्रिगरमध्ये तेलाचा डिंक झालेला असतो. महाग असो की साधी, घाण सारखीच. त्यातही स्क्रूच्या खाचा घरच्या स्क्रूड्रायव्हरने फाडून आणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

आता झिजेबद्दल, कारण वर सगळे बोलले आणि कुणीच पाहायचं कसं ते सांगितलं नाही. नव्या बंदुकीचा वरचा खटका (बंदूक उघडायचा) बंद केल्यावर मध्याच्या किंचित उजवीकडे थांबतो. बोल्ट झिजत गेला की तो मध्याकडे सरकतो, मग डावीकडे. तिथे आला की काम काढा. बेरेट्टाच्या ६८० मालिकेत बिजागरीच्या छोट्या खुंट्या बदलता येतात, लॉकचे भाग मोठ्या मापाचे मिळतात. मिरोकू, पेराझी, क्रीगहॉफ, सगळ्यांचं पुन्हा घट्ट करता येतं. महाग बंदुकीत फरक हा की ती घट्ट करायचीच आहे असं धरून बनवलेली असते, हातकाम सोपं जातं. क्रीगहॉफच्या के-८० मध्ये तर लॉक वरून झाकणासारखं सरकतं आणि झीज बराच काळ स्वतःच भरून काढतं.

साधी दुनळी

म्हणजे मिरोकूही पुन्हा घट्ट होते. धन्यवाद. एवढंच म्हणत होतो.

टेबलावरची बंदूक

होते. आणि एमएक्स-८ चा ट्रिगर मी टेबलावर दोन मिनिटांत साफ करतो, तुमच्या मिरोकूला दस्ता काढावा लागतो, म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं साफच करत नाही. तेही लिहा लेखात.

साधी दुनळी

ट्रिगर निघतो ही सोय आहे, बरं. लेखात एक ओळ घालतो. पण "नक्षीकाम" हा शब्द काढणार नाही. बाजूच्या पट्टीवर बदकं कोरून कुणाची चकती फुटलेली नाही.

पातीवाला

कॉइलचं काय ठरलं?

काडतूसवाला

प्रायमर बघा आधी.

नवा खांदा

मी वापरलेली बंदूक पाहायला चाललोय, या सगळ्यातून मी नक्की काय तपासू?

टेबलावरची बंदूक

पुढची लाकडी मूठ काढून नळ्या बसवा, बंद करा आणि दस्ता धरून नळ्या बाजूला हलवून पाहा. मूठ लावलेली असली की ढिलाई लपते. जराही खटखट जाणवली तर दुरुस्तीचा खर्च धरूनच बोला. मग नळ्या सुट्या करून मागच्या हुकाला बोटावर टांगा आणि नखाने टिचकी मारा. घंटेसारखा लांब आवाज आला तर नळ्यांना जोडलेल्या पट्ट्यांचं सोल्डर शाबूत आहे. भद्द वाजलं तर कुठेतरी सुटलंय. ती घेऊ नका, नाव काहीही असो. खटका कुठे थांबतो ते वर सांगितलंच आहे. आणि त्या ताईंचं ऐका, खांद्याला लावून गाल बसतो का ते सगळ्यात आधी पाहा.