सगळे घरचे (ग्रुप) : बेडकाचं प्रकरण

सचिन (अंदमान): आज पुन्हा कोंबडीचं पिल्लू गेलं. मांजर नाही की कुत्रं नाही. अर्धं पिल्लू बेडकाच्या तोंडात होतं, डोळ्यांनी पाहिलं.

मंदाआत्या: शी! जेवायला बसलेय रे मी.

ओंकार: आत्या, तोही जेवायलाच बसला होता 😂

बापूकाका: कोणता, तो मोठा? पावसात नर पिवळेधमक होतात, गळ्याला निळे फुगे? आपल्या विहिरीवर ढिगाने असायचे.

सचिन: तोच, इंडियन बुलफ्रॉग. इथले जुने लोक म्हणतात, पंधरा-वीस वर्षांपूर्वी हा इथे नव्हताच. बाहेरून आलाय.

बापूकाका: बाहेरचा कसा? अंदमान भारतात, बेडूक भारतातला.

वैशालीवहिनी: काका, मध्ये हजारावर किलोमीटर समुद्र आहे. खाऱ्या पाण्यातून हा पोहत कसा येईल? कुणीतरी आणल्याशिवाय आला नाही. मादागास्करलाही असाच नेलेला आहे.

बापूकाका: शिकलेल्यांपुढे आम्ही काय बोलणार. तरी अंदमान भारतातच आहे.

ओंकार: आधार कार्ड काढून द्या त्याला 🐸

वैशालीवहिनी: ओंकार, गंमत नाही ही. याचे बेडूकमासे दुसऱ्या जातींचे बेडूकमासे खातात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तिथल्या दोन छोट्या जातींची पिल्लं यांच्यासोबत ठेवली होती. एकही वाचलं नाही. त्यातली एक जात मायक्रोहायला चक्रपाणी, फक्त अंदमानातली.

मंदाआत्या: अगंबाई, चक्रपाणी! 🙏🙏

बापूकाका: विहीर बुजवलीत तेव्हा कुठे होतं हे बेडूकप्रेम?

वैशालीवहिनी: विहीर बुजवायचं कोणी ठरवलं ते सगळ्यांना माहीत आहे काका. मी काही बोलत नाही.

मंदाआत्या: तो विषय इथे नको. डिसेंबरच्या तिकिटांचे पैसे अजून तिघांनी दिलेले नाहीत.

ओंकार: सचिनदादा, पण आणले कोणी?

सचिन: मत्स्यबीजातून येतात म्हणे. पिशवीत माशांच्या पिल्लांबरोबर बेडूकमासे. लोक बघत नाहीत, ओततात तळ्यात. इतका निष्काळजीपणा!

वैशालीवहिनी: भावोजी, गेल्या पावसाळ्यात तुम्हीच फोटो टाकला होतात ना, 'आमचे रोहू आले'? बीज दुसऱ्या बेटावरून मागवलंय म्हणाला होतात. आत्ता मोठा करून पाहिला. पिशवीच्या कोपऱ्यात गोल डोक्याचं, शेपटीवालं काय आहे ते?

सचिन: हा मेसेज हटवला आहे

सचिन: हा मेसेज हटवला आहे

ओंकार: 👀

मंदाआत्या: सचिन, जेवलास का रे?

बापूकाका: मी मघापासून काय सांगतोय? अंदमान भारतातच आहे.