अलीकडे काय बघितलंत, कोणाबरोबर बघितलंत? नाशिककरांनो, अनुभव लिहा

इंदिरानगरहून

मी काही समीक्षक नाही, महिन्या-दोन महिन्यातून एखादा पिक्चर आणि रात्री जेवताना टीव्हीवर जे लागेल ते, एवढंच माझं बघणं. पण २०२५ मध्ये बाबांना घेऊन 'दशावतार' बघून आले तेव्हापासून वाटतंय की आपल्यासारख्या साध्या बघणाऱ्यांनीही लिहावं. स्टार देऊ नका, सगळी स्टोरी सांगत बसू नका, कोणाबरोबर बघितलं आणि कुठे जीव अडकला ते सांगा.

माझं सांगते. बाबांना काचबिंदू आहे, डॉक्टर म्हणालेत आता दिसतंय तेवढं टिकवायचं. आणि मला माहीतच नव्हतं की पिक्चरमधला बाबुली, तो कोकणातला दशावतारी कलावंत, त्याचीही नजर जात चाललीये आणि मुलगा त्याला म्हणतोय बास करा आता काम. मी बाजूच्या खुर्चीत अक्षरशः आखडून बसले, वाटलं कुठून आणलं यांना. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते हो, आणि तो माणूस पडद्यावर ज्या ताकदीने उभा राहतो ते बघून थेटरात लोक पुढे सरकून बसले होते. नंतरचा खाण, जंगल, बदला हा भाग मला लांबल्यासारखा वाटला, पण बाबांना तो पण आवडला. परत येताना मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटरवर मागून म्हणाले, माळ्यावरची पेटी खाली काढून दे. भजनाची वही वाचता येईना म्हणून दोन वर्षं बंद होती पेटी. आता रोज संध्याकाळी वाजवतात, वहीशिवाय.

सातपूरहून

मी एमआयडीसीत आहे, तीन शिफ्ट, त्यामुळे पिक्चर म्हणजे वीकली ऑफ पडेल तेव्हा. मे महिन्यात 'आता थांबायचं नाय' बघितला, कंपनीतले आम्ही पाच जण होतो. मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवरून घेतलेलं आहे. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव म्हटल्यावर आम्ही हसायला म्हणून गेलो होतो, हसलो पण खूप, पण मध्येच एका ठिकाणी आमच्या लाईनमधला एकजण उठून बाहेर गेला तो दहा मिनिटं आलाच नाही. मी बघायला गेलो तर जिन्यात बसलेला. त्याचं नववीत सुटलं होतं आणि आम्हाला बारा वर्षांत कधी बोलला नव्हता, फॉर्म भरायची वेळ आली की कोणालातरी सांगायचा भाऊ तू भर माझा चष्मा नाही आणला. मी पण दहावी नापासच आहे, गणितात गेलो होतो. तेव्हा त्या जिन्यातच बोलणं झालं आणि दोघांनी दहावीला बसायचं ठरवलं, त्याने बाहेरून बसायचा १७ नंबरचा फॉर्म भरलाय, मी नापास म्हणून परत बसायचा. आता सेकंड शिफ्टच्या आधी सकाळी एक तास बसतो अभ्यासाला. बीजगणित अजून जड जातंय.

सिडकोहून (मुलगी टाइप करतेय, बोलतेय आई)

मी गंगापूर रोडला चार घरी पोळ्या-भाजीचं काम करते. २०२४ साली 'नाच गं घुमा' आला तेव्हा एका घरच्या ताई मला स्वतःच्या गाडीतून घेऊन गेल्या, तिकीट त्यांनीच काढलं. नम्रता संभेरावने आशाताई केलीये ना, ती पदर खोचते ते, उशीर झाल्यावर दारातच आधी बोलायला सुरुवात करते ते, सगळं बरोबर आहे, अगदी आमच्यातलीच वाटते. मुक्ता बर्वेचं पण खोटं नाही वाटलं, नोकरी करणाऱ्या बाईची सकाळ अशीच असते, मी रोज बघते.

पण एक सांगू का. पिक्चरमध्ये त्या मालकिणीला शेवटी कळतं की हिच्याशिवाय आपलं घर चालत नाही. खऱ्यात काय होतं, आजारी पडून आठ दिवस नाही गेलं तर नवव्या दिवशी तिथं दुसरी बाई असते. माझ्या बाबतीत झालंय, ते घर नाही सांगत. तरी पिक्चर चांगला आहे कारण आमच्या सुट्टीवर, पगारावर कोणी पिक्चर काढलाय हेच मोठं आहे. ज्या ताई घेऊन गेल्या होत्या त्यांनी दुसऱ्या दिवशी स्वतःहून विचारलं की महिन्याच्या चार सुट्ट्या ठरवून टाकू या का. त्या आजपर्यंत मिळतात.

संध्याकाळी मी आणि सासूबाई 'ठरलं तर मग' ही मालिका बघतो. सायलीच खरी तन्वी आहे हे आपल्याला कधीचं माहितीये, घरच्यांना कळता कळत नव्हतं. सासूबाई टीव्हीला सांगतात, अगं बोल ना! मला राग येतो लांबवतात त्याचा, पण तो अर्धा तास आम्ही दोघी एका जागी बसतो, नाहीतर दिवसभर आमची गाठ नाही.

देवळाली कॅम्पहून

कॉलेजच्या ग्रुपबरोबर 'सैयारा' बघितला, सगळे रडत होते, मी नाही रडले, मला वेगळाच त्रास झाला. त्यातल्या मुलीला इतक्या लहान वयात अल्झायमर होतो आणि ती विसरत जाते ते सगळं गाण्यात, सुंदर उजेडात. माझी आजी चार वर्षं विसरत होती. ती माझ्या आईला "ही बाई कोण, हिला घराबाहेर काढा" म्हणायची आणि आई तिलाच भरवायची. त्यात गाणं नव्हतं. मैत्रिणींना सांगितलं तर म्हणाल्या तू पिक्चरची मजा घालवतेस. गाणी मला पण आवडली, रोज ऐकते, पण जो माणूस विसरतो त्याच्याइतकंच जो विसरला जातो त्याचं पण दाखवायला पाहिजे होतं असं मनापासून वाटतं.

पिंपळगाव बसवंतहून

आमच्याकडे द्राक्ष. रात्रीची लाईट असली की मोटार चालू करून बांधावर बसायचं, तिथं मोबाईलवर 'पंचायत'चे चार सीझन बघून झाले, चौथा २०२५च्या जूनमध्ये आला तो दोन रात्रीत संपवला. उत्तर प्रदेशातलं गाव आहे, तिथं प्रधान म्हणतात आपल्याकडं सरपंच, सचिव म्हणजे आपला ग्रामसेवक, बाकी काही म्हणता काही फरक नाही. ऑफिसची किल्ली हरवणं, खुर्चीवरून वाद, हे तर मी स्वतः बघितलेलं आहे.

मुख्य म्हणजे मंजूदेवी निवडून आलेली आणि कारभार नवरा करतो. आपल्याकडं २०११ पासून निम्म्या जागा बायकांना आहेत पण किती ठिकाणी बाईच्या सहीपुढं तिचा नवराच बसलेला असतो ते गावातल्या माणसाला सांगायला नको. आमच्याच घरात, वहिनी सरपंच आणि दादा सगळीकडं जाणार. पहिल्या सीझनचा शेवटचा भाग मी मुद्दाम घरच्या टीव्हीला जोडून लावला, त्यात मंजूदेवी २६ जानेवारीला झेंडा फडकवायचा म्हणून राष्ट्रगीत पाठ करत असते, चुकत असते, परत म्हणते. दादा मोबाईल बघत होता. वहिनी कणीक मळता मळता थांबून बघत राहिली, हात तसेच पिठाचे. काही बोलली नाही. पण १५ ऑगस्टच्या ग्रामसभेला विषयपत्रिका तिनं स्वतः वाचली, पाण्याच्या टाकीचा हिशोब पण तिनंच सांगितला आणि एका म्हाताऱ्या आजीनं मागून जोरात "असं!" म्हटलं. चौथ्या सीझनला मंजूदेवी हरते ते वहिनीला मी अजून सांगितलं नाही, तिचं बघायचं राहिलंय.

द्वारका, मूळ मालेगावहून

कोणीच 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' लिहिलं नाही याचं वाईट वाटलं, आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट आहे, शंभर किलोमीटरवरची. २८ फेब्रुवारीला लागला, मी दुसऱ्या दिवशी गेलो तर पूर्ण हॉलमध्ये आम्ही चौदा माणसं, मोजली मी.

माझं लहानपण मालेगावात गेलं, घराच्या मागेच यंत्रमाग, रात्री तो खटखट आवाज बंद झाला की उलट जाग यायची. शुक्रवारी माग बंद, कामगारांची सुट्टी, आणि थेटरबाहेर गर्दी अशी की बायकांना त्या रस्त्याने जाता यायचं नाही. त्या गावात नासिर शेख नावाच्या माणसाने, व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या, साध्या कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' काढला. मग त्यांच्या 'मालेगाव का सुपरमॅन'वर फैजा अहमद खान यांनी डॉक्युमेंटरी केली, ती जमली तर नक्की बघा, त्यात सायकलवर आणि बैलगाडीवर कॅमेरा बांधून शॉट घेतलेत. सुपरमॅन झालेला शफीक हा स्वतः मागावर काम करणारा, आणि तो कॅन्सरने गेला. नव्या पिक्चरमध्ये ते सगळं आहे, शशांक अरोराने शफीक केलाय आणि शेवटचा अर्धा तास मी नीट बघूच शकलो नाही.

तक्रार एकच, बोली. मालेगावची उर्दू म्हणजे मध्येच मराठी शब्द, मध्येच अहिराणी हेल, ती पूर्ण पकडता नाही आली. पण आमच्या गावाचं नाव बातम्यांत ज्या कारणांसाठी येतं ते सोडून कोणीतरी आमची पोरं पिक्चर काढणारी दाखवली, यासाठी मी दोनदा तिकीट काढलं.

म्हसरूळहून

'छावा', वडिलांबरोबर आणि दोन्ही काकांबरोबर. संगमेश्वरला पकडतात तिथून पुढे थेटरात एक माणूस हललेला नाही आणि संपल्यावर दिवे लागले तरी लोक उभेच, एक काका तर पायातल्या चपला काढून उभे होते. विकी कौशलने जीव ओतलाय. रहमानचं म्युझिक मला त्या काळाचं नाही वाटलं. आणि आमच्या गच्चीवरून रामशेज दिसतो, शंभूराजांच्या काळात त्या एवढ्याशा किल्ल्याने औरंगजेबाच्या फौजेला पाच-सहा वर्षं दाद दिली नाही, त्याच्यावर पूर्ण पिक्चर व्हायला पाहिजे, मराठीत.

कॉलेज रोडहून

म्हसरूळवाल्यांशी सहमत, पण लहान मुलांना नेऊ नका. सात वर्षांच्या मुलाला नेलं, शेवटच्या भागात त्याने माझ्या कुशीत तोंड घातलं, आम्ही बाहेर आलो. पुढे पंधरा दिवस दिवा चालू ठेवून झोपला. महाराज कसे गेले हे त्याला कळायलाच हवं, पण आधी ते कसे जगले ते सांगायला हवं होतं, ही चूक माझी.

नाशिकरोडहून

प्रेसमधून रिटायर झालो, वय ७१. पूर्वी विजयानंदला, सर्कलला रांगेत उभं राहून बघितलेत, आता मुलगी फोनवर तिकीट काढून देते. मार्चमध्ये 'स्थळ' बघितला. शो एकच होता, सकाळी पावणेदहाचा, कामावर जाणारा माणूस कसा जाणार सांगा. आठवड्यात तोही गेला.

मला तीन मुली. मोठीला अकरा स्थळं बघून गेली. पिक्चरमध्ये विदर्भातल्या कापूसवाल्या शेतकऱ्याची सविता, तिला शिकायचंय, परीक्षा द्यायच्यात, आणि दर वेळी तीच खुर्ची, तेच पोहे, नाव काय, उंची किती, शेतात काम करतेस का. अकरा वेळा मी त्या बाजूला बसलेलो आहे आणि मला वाटायचं सगळ्यात अवघडलेला मीच आहे, मुलीकडं मी बघितलंच नाही कधी. सुरुवातीलाच सगळं उलटं दाखवलंय, बायका बसल्यात आणि मुलाला प्रश्न विचारतायत, लोक हसले, मला हसू आलं नाही.

त्यातली माणसं गावातलीच आहेत, नट नाहीत. आपल्या त्र्यंबकला जन्मलेल्या फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'च्या वेळी १९१३ साली तारामतीसाठी एक बाई मिळाली नव्हती, साळुंके नावाच्या पुरुषाला लुगडं नेसवावं लागलं. आणि आज गावातली एक पोरगी पूर्ण पिक्चर एकटी ओढून नेते. पांडवलेणीखालच्या फाळके स्मारकात असे पिक्चर लावा ना कायमचे, संध्याकाळी सातला, आम्ही येऊ.

घरी येऊन मोठीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, सातव्या स्थळाच्या वेळी तुम्ही मला निळी साडी नेस म्हणाला होतात, ती मी परत कधी नेसले नाही. मला ती साडी आठवतच नव्हती.

सिडकोहून

सातपूरच्या भाऊंना विचारायचंय. तो १७ नंबरचा फॉर्म बायकांना पण भरता येतो का, आणि काय काय लागतं. माझं नववी पास झाल्यावर लग्न झालं.

सातपूरहून

येतो की ताई. ऑनलाईन भरायचा असतो, शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि फोटो लागतो, मग ठरलेल्या शाळेत कागद नेऊन द्यायचे. तारखा निघून जातात म्हणून आधी बोर्डाच्या साईटवर बघून घ्या. तुमच्याकडे दाखला आहे का?

सिडकोहून

माहेरी असेल, सिन्नरला, आईच्या पत्र्याच्या पेटीत. रविवारी मुलीला घेऊन जाते.