सिबेलिअसच्या पाचव्या सिंफनीचा शेवट: सीडी अडकतेय की मीच चुकतोय?

डग्गा_पंचवटी

नमस्कार मंडळी. मी तबलावाला माणूस, पंचवटीत मुलांना शिकवतो. पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही, हे आधीच कबूल करतो. भाच्याने घर बदलताना तीन सीडी माझ्या गळ्यात मारल्या. फिनलंडमधल्या लाहती गावचा ऑर्केस्ट्रा, कंडक्टर ओस्मो व्हॅन्स्का, संगीत सगळं तिथल्याच सिबेलिअस या संगीतकाराचं. एकीवर चौथी सिंफनी (म्हणजे ऑर्केस्ट्राची मोठी रचना), एकीवर पाचवी आणि एकीवर व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि सोबत ऑर्केस्ट्रा, तोही दोनदा.

आता अडचण. पाचवीच्या शेवटी सगळा ऑर्केस्ट्रा एक दणका देतो आणि गप्प. मला वाटलं लाइट गेली. तेवढ्यात दुसरा दणका, पुन्हा गप्प. तिसऱ्याला मी ‘हां, तिहाई, तीनदा वाजवून समेवर यायचं’ म्हणून मांडीवर थाप मारली, तर चौथा आला! एकूण सहा. दोन तिहाया म्हणाव्यात तर सम कुठे आहे? सीडी काढून पुसली, परत लावली, तरी सहाच.

दुसरं, कन्चेर्टोची सुरुवात ऐकूच येत नाही. आमचं घर रामकुंडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळपासून रिक्षा आणि भोंगे. आवाज वाढवून कान लावून बसलो आणि पुढे ऑर्केस्ट्रा असा अंगावर आला की सौ. झारा घेऊनच बाहेर आली.

आणि एकच कन्चेर्टो दोनदा कशाला? रेकॉर्डिंगच सदोष आहे का?

कॉलेजरोडची_व्हायोलिन

काका, सीडी पुसू नका, तिचा काही दोष नाही. सहा दणके तसेच लिहिलेत आणि मधली शांतताही लिहिलेली आहे. कंडक्टर ती मनात मोजत असतो. तुमच्याकडे खालीला टाळी नसते, पण मात्रा असतेच ना, तसं. तिहाई मात्र नव्हे. तिहाईला बोल लागतो, इथे नुसते दणके. सम म्हणाल तर सहावा.

ही शांतता पहिल्यापासून नव्हती, हे मला फार आवडतं. ८ डिसेंबर १९१५ ला, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, सिबेलिअसने ही सिंफनी हेलसिंकीत सादर केली तेव्हा तिचे चार भाग होते आणि शेवटच्या दणक्यांखाली तंतुवाद्यांची थरथर चालू असायची. म्हणजे पोकळी भरलेली. १९१६ ला त्याने बदल केले, तरी मन भरेना. १९१९ ला तीन भागांची आजची सिंफनी तयार झाली. त्यात थरथर काढून टाकली, तीच जागा तुम्हाला लाइट गेल्यासारखी वाटली.

कन्चेर्टोचंही तेच. १९०४ त हेलसिंकीत पहिल्यांदा वाजला, वादकाला झेपला नाही, टीका झाली. सिबेलिअसने मागे घेतला, कात्री लावली, आणि १९०५ त बर्लिनला नवं रूप वाजलं. व्हायोलिनवर कारेल हालीर, कंडक्टर रिचर्ड स्ट्राउस! पहिलं रूप मग कित्येक दशकं बासनात. वारसांनी परवानगी दिली म्हणून लिओनिदास कावाकोस या व्हायोलिनवादकाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते याच लाहती ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केलं. तुमच्याकडे दोन्ही रूपं आहेत, भाच्याला चहा पाजा. पहिल्या भागात एकट्या व्हायोलिनची एक लांबलचक जागा जास्त ऐकू आली की ते जुनं समजा. ती कापली ते बरंच झालं, असं मी विद्यार्थ्यांना सांगते आणि घरी मात्र तीच लावते.

सिबेलिअस स्वतः व्हायोलिन वाजवायचा बरं का. १८९१ साली विएन्नाच्या ऑर्केस्ट्रात शिरायला परीक्षाही दिली, घेतलं नाही. त्याने लिहिलेला हा एकच कन्चेर्टो.

आवाजाचं म्हणाल तर सुरुवातीला व्हायोलिनवाल्यांच्या घोडीवर आवाज दाबणारे म्यूट बसवलेले असतात, ते मुद्दाम कुजबुजतात. त्यावर एकटं व्हायोलिन येतं. डी (D) हा पाश्चात्त्य स्वर सा धरलात तर पहिले स्वर म, प, सा, आणि म वर ते चांगलं रेंगाळतं. हलकं ते हलकं आणि मोठं ते मोठं, असंच रेकॉर्ड केलंय. म्हणून आवाज सुरुवातीला लावू नका. जिथे ऑर्केस्ट्रा सगळ्यात मोठा वाजतो तिथे आधी लावा, काकू झारा उचलणार नाहीत एवढा, आणि मग मागे या. तरी ऐकू आलं नाही तर खिडक्या बंद. तेही जमलं नाही तर रात्र आहेच.

निफाडकर_५२

पाचवीच्या शेवटच्या भागात हॉर्न (गाडीचे नव्हे, फुंकायची पितळी वाद्यं) झोक्यासारखे हलतात, तिकडे लक्ष द्या. २१ एप्रिल १९१५ ला सिबेलिअसने घराजवळ सोळा हंस उडताना पाहिले आणि डायरीत टिपून ठेवलं, त्यातून ती धून आली. आमच्या नांदूर-मध्यमेश्वरला थंडीत पहाटे क्रौंच उठतात तेव्हा मला हटकून तेच ऐकू येतं. बायको म्हणते, तुला ऐकू येतो तो पाटाच्या पंपाचा आवाज.

पेटीमास्तर

गुरुजी, चौथीबद्दल कुणी बोललंच नाही. १९११ ची. सुरुवातीलाच चेलो, मोठे बास ही खर्जातली तंतुवाद्यं आणि ‘बसून’ नावाचं फुंकवाद्य मिळून चार स्वर देतात. पेटीवर पहिलाच स्वर सा धरून बघितलं, तर सा रे तीव्र म ग! मी खुर्चीत सरसावलो, आला यमन म्हणून. कसला यमन? तीव्र म आणि ग यांच्यातच ते झोके घेत बसतात, वर एकटा चेलो येतो आणि आपण धरलेला सा पायाखालून सरकतो. सिंफनी ए मायनर या पट्टीत आहे म्हणे. तीन वर्षं आधी, १९०८ त, सिबेलिअसच्या घशातली गाठ काढली होती, त्याची भीती त्यात उतरली असं जाणकार म्हणतात. मला ते माहीत नसतानाही घशाशी आवंढा आलाच होता. संध्याकाळी लावू नका.

भोंगा_सिडको

एवढं गप्प बसायचे पैसे घेतात? आमच्या ढोलपथकात दोन ठोक्यांत एवढी जागा ठेवली तर हाकलून देतील.

डग्गा_पंचवटी

सगळ्यांचे आभार. ताई, तुम्ही सांगितलं तसंच केलं. काल रात्री साडेअकराला घाट शांत झाल्यावर खिडक्या लावल्या आणि आधी कन्चेर्टो लावला. ते कुजबुजणं ऐकू आलं! म वर थांबतो तेव्हा मीही थांबलो. जुन्या रूपातली जास्तीची जागा मलाही आवडली, उगाच कापली.

मग पाचवी. दणक्यांमधल्या मात्रा मोजायच्या ठरवल्या होत्या, दुसऱ्यालाच सोडून दिल्या. चौथा दणका पडला आणि वरच्या मजल्यावरून खिडकी उघडल्याचा आवाज आला.

“झालं का हो?”

म्हटलं, अजून दोन आहेत.