मदत हवी आहे: ओरिएंटेशनच्या दिवसांची मजुरी मागता येते का?

नमस्कार मंडळी. माझा लहान भाऊ बुटीबोरीकडच्या एका गोदामात ठेकेदारामार्फत रोजंदारीवर लागलाय. आधी दोन दिवस ओरिएंटेशनला बोलावलं. यायलाच पाहिजे, नाहीतर काम नाही. सेफ्टीचा व्हिडिओ, हेल्मेट, बूट, इथवर ठीक. पण दुसऱ्या दिवशी जेवणानंतर दोन तास पेट्या उचलायला लावल्या, म्हणे सराव! पैसे हातात आले तर दोन्ही दिवस गायब. ठेकेदार म्हणतो, "अरे भाऊ, शिकायचे पैसे कोण देते?" मानेवाड्याहून जायचा-यायचा खर्च वेगळाच.

नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता २०१९ लागू झाली आहे. कामगार तयार असूनही काम कमी तास मिळालं, तरी पूर्ण दिवसाची मजुरी द्यावी असं तिच्यात आहे. पण ट्रेनिंगचा दिवस 'काम' धरतात का? पेट्या उचलल्या ते तर कामच ना!

कोणी नागपूरच्या कामगार आयुक्तालयात असा अर्ज केलाय का? पुरावा म्हणून बोलावल्याचा व्हॉट्सॲप मेसेज आहे, हजेरीवहीचा फोटो नाही. भाऊ घाबरतोय, "उद्यापासून येऊ नको" म्हटलं तर? म्हणून आधी ठेकेदाराला सोडून थेट कंपनीच्या एचआरशी बोलावं का?