कोलॉइडच्या बीड्स उताराच्या दिशेने न जाता ओळीनेच का चालतात?

लॅबवाली:
एमएस्सी प्रोजेक्टसाठी 3 मायक्रॉनच्या सिलिका बीड्स (कोलॉइड, म्हणजे द्रवातले सूक्ष्म कण) पाण्यात घेतल्यात, खाली काचेवर लिथोग्राफीने (सूक्ष्म नक्षी उमटवायच्या पद्धतीने) केलेल्या खळग्यांची चौकोनी जाळी आहे, दोन खळग्यांमध्ये 5 मायक्रॉन. सॅम्पल 10 अंश कलतं केलं की बीड्स घरंगळायला लागतात, इथवर ठीक. पण जाळीच्या ओळी उताराशी 12 अंशांनी फिरवल्या तरी बीड्स ओळ सोडत नाहीत, 5 अंशांना तेच, 15 ला पण तेच. मायक्रोस्कोपचं स्टेज (सॅम्पल ठेवायची पाटी) वाकडं बसलंय का काय कळेना, कोणी असं पाहिलंय का?

गढूळपाणी:
स्टेजची शंका असेल तर काचेवर जिथे जाळी नाही तिथल्या बीड्स बघा, त्या सरळ उताराने गेल्या तर स्टेज ठीक आहे. मला तरी हे डायरेक्शनल लॉकिंग वाटतंय, म्हणजे कण बलाच्या दिशेने न जाता जाळीच्या ओळीला धरून राहणं, आणि डोळ्यांनी बघायला मिळतंय हे तुमचं नशीबच. तुमच्या बीडचं पाण्यातलं वजन साधारण 140 फेम्टोन्यूटन (अतिसूक्ष्म बलाचं एकक), 10 अंशांना त्यातलं उताराच्या दिशेने मिळतं 24, आणि 12 अंश फिरवल्यावर ओळीच्या आडवं जेमतेम 5. एका खळग्यातून दुसऱ्यात जाताना ती बाजूला फार तर 1 मायक्रॉन सरकणार, तेवढ्यात पुढचा खळगा तिला मध्यात ओढून घेतो, म्हणजे बाजूला सरकल्याचा हिशोब दर खळग्याला पुन्हा शून्य. साठतच नाही काही, मग ओळ सुटणार कशी? 2002 मध्ये कोर्डा, टेलर आणि ग्रायर यांनी लेझर चिमट्यांच्या (कण पकडून ठेवणाऱ्या प्रकाशझोतांच्या) जाळीतून बीड्स वाहवून हेच दाखवलं होतं, तिथे उताराऐवजी पाण्याचा प्रवाह होता एवढंच.

लॅबवाली:
अच्छा!! जाळी नसलेल्या भागात बघितलं, सरळ उताराने जातायत. मग ओळ नक्की कुठल्या अंशाला सुटेल?

गढूळपाणी:
खळगा किती खोल त्यावर आहे. बीड त्यात 300 नॅनोमीटर खाली उतरत असेल तर बाहेर यायला 10 केटीच्या आसपास ऊर्जा लागते (1 केटी म्हणजे उष्णतेमुळे कणाला मिळणाऱ्या धक्क्यांची साधारण ऊर्जा), मग लॉक चांगला टिकतो, 100 च असेल तर साडेतीन केटी, तिथे ब्राउनियन हालचालच (पाण्याच्या रेणूंच्या धक्क्यांनी होणारी थरथर) तिला ओळीबाहेर काढते. कोन 2-2 अंशांनी वाढवत न्या आणि बीडची दिशा प्लॉट करा, जिन्यासारखा आलेख यायला हवा, 0 आणि 45 अंशांना रुंद पायऱ्या, मध्ये 26.6 ला कदाचित एक छोटी.

चाळणी:
याचाच भाऊबंद वापरात पण आहे बरं का. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या गटाने 2004 मध्ये खांबांची जाळी केली, खांबांची प्रत्येक रांग आधीच्या रांगेपेक्षा जराशी सरकवलेली, त्यात छोटी बीड प्रवाहाबरोबर सरळ जाते आणि मोठी खांबाला धडकत तिरकी निघते, 0.8, 0.9 आणि 1 मायक्रॉनच्या बीड्स 40 सेकंदांत वेगळ्या झाल्या. रक्तातल्या पेशी वेगळ्या करायला हीच पद्धत वापरतात. तुमच्याकडे दोन साइझच्या बीड्स असतील तर एकाच काचेवर सोडून बघाच.

गढूळपाणी:
हो हे करा, फक्त एकमेकींना चिकटलेल्या बीड्स मोजताना वेगळ्या काढा. पुंजका जाळीवरून घसरताना स्वतःभोवती फिरून एका ठरावीक कोनात बसू शकतो आणि मग त्याची वाट सुट्या बीडपेक्षा वेगळी असते, दोन्ही एकत्र मोजलं तर आलेखातल्या पायऱ्या पुसल्या जातील.