नाताळच्या दिवसांत, रोजच्या कामात मिळालेला धीर : तुमचे अनुभव लिहा

आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांचा तयारीचा काळ, सुरू झाला की सगळीकडे एकच धावपळ. साफसफाई, गाण्यांचा सराव, मुलांची नाटुकली, त्यात वर्षअखेरची कामं. पहिला आगमन रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबरच्या दरम्यान कधीतरी येतो, आणि पुढचे तीन रविवार कसे सरतात ते कळत नाही. मग वाटायला लागतं की शांतपणे बसून वचन वाचलं असतं, तर प्रभू काही बोलला असता.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचे, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचे, पहिले दोन अध्याय वाचताना मला मात्र वेगळंच दिसतं. मेंढपाळ रात्री कळप राखत होते, म्हणजे कामावरच होते. जखऱ्या हा याजक मंदिरात होता खरा, पण तोही आपल्या पाळीच्या सेवेवर. चिठ्ठी त्याच्या नावाची निघाली म्हणून धूप जाळायला आत गेलेला. हातातलं काम चालू असतानाच देवदूत आला, आणि त्याचा पहिला शब्द होता, भिऊ नको.

म्हणून हा धागा. मोठी साक्ष, म्हणजे देवाने काय केलं त्याचा अनुभव, असेल तर जरूर लिहा, पण मला जास्त ओढ आहे ती लहान प्रसंगांची. रांगेत, गाडीत, आजाऱ्याच्या उशाशी एखादं वचन आपल्यासाठीच लिहिलंय असं वाटलं, किंवा कुणाच्या साध्या वागण्यातून उत्तेजन मिळालं, ते लिहा. वचन कुठलं तेही सांगा, म्हणजे बाकीच्यांना उघडून वाचता येईल.

रात्रपाळी

मी नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. गेल्या नाताळात 24 च्या रात्री ड्यूटी लागली. मध्यरात्रीची उपासना हुकणार म्हणून घरातून निघतानाच मन खट्टू होतं.

मध्यरात्रीच्या सुमाराला एक बाळ काही केल्या रडायचं थांबेना. दूध झालं होतं, लंगोट कोरडा होता, ताप नव्हता. अशा वेळी आम्ही बाळाला गुंडाळतो. कापड तिरकं पसरून वरचा कोपरा आत दुमडायचा. बाळाची मान तळहातावर तोलून खांदे त्या घडीशी आणायचे. एक बाजू छातीवरून नेऊन पाठीखाली खोचायची, पायांकडचं टोक वर घ्यायचं, मग दुसरी बाजू. कमरेखाली सैल ठेवायचं, पाय हलायला जागा हवी. हात छातीशी आले की बाळाचं दचकणं कमी होतं, श्वास हळूहळू एका लयीत येतो. पुढचं टोक मी खोचत होते आणि तोंडातून आपोआप आलं, ‘बाळंत्याने गुंडाळून गव्हाणीत ठेवले’. लूक 2:7. संडे स्कूलपासून पाठ असलेलं वचन.

पण त्या रात्री ते माझ्या हातांत होतं. आपलं बाळ मरीयेने स्वतः गुंडाळलं. घरापासून लांब, पहिलटकरीण, आणि मदतीला कुणी बाई होती का, ते लूक सांगत नाही. ज्याने आकाश आणि पृथ्वी निर्माण केली, त्याची मान कुणीतरी तळहातावर धरावी लागत होती. देवाने स्वतःला इतकं माणसाच्या हाती सोपवलं. मग मी इथे जे करते आहे ते उपासनेच्या बाहेरचं कसं असेल? पहाटेपर्यंत मी त्या एकाच विचारात होते आणि थकवा जाणवला नाही, हे अगदी खरं सांगते. सकाळी पाळी बदलताना नव्याने रुजू झालेल्या मुलीला गुंडाळायची ही पद्धत शिकवली, आणि ते वचनही सांगितलं.

नोंदणीखिडकी

रात्रपाळीताई, तुमचं वाचून मलाही लिहावंसं वाटलं. माझं काम अर्ज तपासायचं. जन्माची नोंद, पत्त्यातला बदल, नावातली दुरुस्ती. दिवसभर एकच बोलणं : ही प्रत जोडा, इथे सही करा, उद्या या. या कामात देवाला काय रस असणार, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलं.

एका आगमन रविवारी पाळकसाहेबांनी मीखा 5:2 वाचलं आणि लगेच लूक 2:1. मीखा येशूच्या सातशे वर्षं आधीचा संदेष्टा. अधिपती बेथलेहेमातून निघेल हे त्याने सांगून ठेवलेलं. मरीया आणि योसेफ मात्र राहत होते नासरेथात. त्यांना बेथलेहेमला जा म्हणून कुणी देवदूत सांगायला आला नाही. त्यांना तिथे नेलं ते कैसर औगुस्ताच्या नावनिशीच्या हुकमाने! रोमच्या बादशहाला मीखाशी काय देणंघेणं? त्याला आपल्या राज्यातली माणसं मोजायची होती. आणि त्या मोजणीतूनच देवाचा शब्द पुरा झाला.

मी बाकावर ताठ बसलो. माझ्यासमोरच्या वह्या, शिक्के, त्या लांबच लांब रांगा देवाच्या नजरेआड नाहीत, हे मला त्या दिवशी पटलं. त्याच आठवड्यात खिडकीपुढे एक दिवस भरत आलेली बाई उभी होती आणि तिचा नवरा पिशवीत कागद शोधत होता. मी त्यांना आत बोलावून खुर्ची दिली, अर्ज माझ्या हाताने भरला. नियमात बसणारंच होतं सगळं. आता रांगेत अवघडलेलं कुणी दिसलं की मी आधी खुर्ची देतो.

संडे स्कूलवाली

माझं थोडक्यात. आमच्या नाटकात एक खूप लाजरा मुलगा आहे, चारचौघांत तोंड उघडत नाही. त्याला योसेफ दिला. तो हळूच म्हणाला, “टीचर, मी काय बोलायचं?” मी शुभवर्तमानं चाळली. योसेफाच्या तोंडी एक वाक्यसुद्धा नाही. मत्तय हा शुभवर्तमानकार फक्त योसेफाने काय केलं ते सांगतो : झोपेतून उठला आणि सांगितलं तसं केलं. मरीयेला घरी आणलं, बाळाचं नाव येशू ठेवलं, रात्रीच उठून दोघांना घेऊन मिसरात गेला. हे मी त्या मुलाला वाचून दाखवलं. त्याचा चेहरा असा काही खुलला की काय सांगू. मंडळीत खुर्च्या लावणारे, माईकच्या वायरी गुंडाळणारे आमचे काही भाऊ आहेत, कधी साक्ष द्यायला उभे राहत नाहीत. त्या रविवारी मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं.

आजी

मुलांनो, टाईप करायला नात बसली आहे, मी सांगते ती लिहिते.

आमचे हे गेल्यानंतरचा हा पहिला नाताळ. नाताळचा तारा बाहेर टांगायचं काम त्यांचं. यंदा तो खोक्यातच राहू दे म्हटलं. घरात सगळे माझ्याशी जपून बोलतात, त्यानेच जास्त एकटं वाटतं. रोजच्या वाचनात लूक 2 चालू होता. बाळाचा जन्म झाला, मेंढपाळ येऊन गेले की आपण पुस्तक मिटतो. त्या दिवशी पुढे वाचलं, छत्तिसावं वचन. हन्ना. लग्नानंतर सात वर्षं नवऱ्याजवळ राहिली, मग विधवा, आता चौऱ्याऐंशी वर्षांची. लूकने तिला ‘एक म्हातारी’ म्हणून सोडलं नाही. तिचं नाव लिहिलं, बापाचं नाव फनूएल लिहिलं, आशेरचा वंश लिहिला. नवरा नव्हता तरी ती कुणाची कोण हे देवाच्या पुस्तकात नोंदलेलं आहे. आणि बाळाला पाहिल्यावर ती गप्प बसली नाही, जे वाट पाहत होते त्या सगळ्यांना सांगत सुटली.

मी खोका काढला. शेजारचा पोरगा शिडी धरायला आला, त्याला वायर जोडायची सगळी माहिती. आता रोज संध्याकाळी मंडळीतल्या एकेका एकट्या बाईला फोन करते. दोघी मिळून प्रार्थना करतो. नात म्हणते, आजी, तुझा फोन सारखा बिझी असतो.

चालक

मी बस चालवतो. 23 तारखेला संध्याकाळी गाडी खचाखच भरलेली, पुढे रस्ता तुंबलेला, लोक एकमेकांवर खेकसत होते. एका थांब्यावर पुठ्ठ्याचे पंख लावलेला एक लहान देवदूत चढला, नाटकाच्या सरावाला निघालेला. पंख दारात अडकले. आईने ते वाकवून त्याला आत ओढलं. जरा वेळाने त्याने सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं आपलं वाक्य म्हणून टाकलं, “भिऊ नका! मी मोठ्या आनंदाची सुवार्ता सांगतो!” पुढे विसरला. मागून एका बाईने पुढचं वाक्य सांगितलं, मग आणखी एकाने. गाडीत ख्रिस्ती कोण, कोण नाही, मला ठाऊक नाही, पण भांडण थांबलं. हे ‘सर्व लोकांसाठी’ असल्याचं लूक 2:10 मध्येच लिहिलंय. माझ्या तर डोळ्यांत पाणी आलं, त्या आठवड्यात मला फार गरज होती.

मागचा बाक

सगळे अनुभव वाचले. माझा आनंदाचा नाही, तरी लिहिते.

यंदा आमचं बाळ पोटातच गेलं. आगमनकाळात प्रत्येक गाण्यात बाळ, प्रत्येक चित्रात बाळ. मी शेवटच्या बाकावर बसायचे, म्हणजे उठून जाता यावं. एका रविवारी मत्तय 2 वाचला गेला. मागी लोकांनी, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांनी, बाळाला दिलेल्या भेटींबद्दल आपण दरवर्षी ऐकतो, त्या दिवशी वाचणारा अठराव्या वचनापर्यंत गेला. हेरोद राजाने बेथलेहेमातली मुलं मारली, राहेल ही आई आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि तिचं सांत्वन होत नाही. ते शब्द मूळचे यिर्मया संदेष्ट्याचे, 31:15. मी थक्क झाले. नाताळच्या गोष्टीत ही आई आहे! मत्तयने तिला गप्प केलं नाही, समजावलं नाही, तिचं रडणं तसंच ठेवलं.

मीही रडले. शेजारी मंडळीतल्या एक मावशी बसल्या होत्या. देवाची इच्छा, पुढच्या वर्षी होईल, असलं काही त्या बोलल्या नाहीत. गाणं लागलं तेव्हा पुस्तक उघडून दोघींच्या मधे धरलं. मी गायले नाही, त्याही गायल्या नाहीत. शेवटच्या कडव्यापर्यंत पुस्तक धरून उभ्या राहिल्या. याला उत्तेजन म्हणतात की नाही, ठाऊक नाही. पण पुढच्या रविवारी मी परत गेले, आणि एक बाक पुढे बसले.

धागाकर्ती

मागचा बाक, ताई, तुम्ही लिहिलंत म्हणून मनापासून आभार. इथे कुणीही ताईंना उपदेश करू नये ही विनंती, प्रार्थना मात्र जरूर करावी. अनेक मंडळ्यांत 28 डिसेंबर हा बेथलेहेमच्या त्या बालकांच्या आठवणीचा दिवस असतो, आणि तो नाताळच्या दिवसांतच येतो. तुमच्या बाळाचं नाव ठेवलं असेल आणि सांगावंसं वाटलं, तर मला व्यक्तिगत निरोप करा. त्या दिवशी मी ते नाव घेऊन प्रार्थना करीन.

आजी

मागच्या बाकावरच्या मुली, मलाही एक असंच गेलं होतं. फार वर्षं झाली, अजून आठवतं. फोन करायचा असेल तर कर, रात्री उशिरासुद्धा.

वाचणारा बाप

मुलगा नुकता वाचायला शिकलाय. त्याला मत्तयचा पहिला अध्याय वाचायचा होता, कारण ‘पहिला’ आहे. येशूच्या पूर्वजांची वंशावळ! अक्षर अक्षर लावत चालला. ‘एलाजाराला मत्तान झाला, मत्तानाला याकोब झाला.’ विचारतो, “बाबा, मत्तानाने काय केलं?” पवित्र शास्त्रात त्याच्याबद्दल आणखी काही नाही. त्याला याकोब झाला, याकोबाला योसेफ, एवढंच. मी गेले काही महिने घरी बसून आहे, काम सुटलंय. दिवस नुसते चाललेत असं वाटतं. मत्तानालाही आपल्या दिवसांचं तसंच वाटत असेल, मशीहा आपल्यापासून तिसऱ्या पिढीच्या घरात वाढणार हे त्याला कुठे माहीत होतं! मुलाला सांगितलं, त्याने आपल्या मुलाला वाढवलं. ते पोराला पुरेसं वाटलं, पुढचं नाव वाचायला लागला. मलाही त्या रात्री बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

चौथी मेणबत्ती

उशिरा लिहिते आहे. नवरा जहाजावर असतो. मुलगी रोज विचारते, बाबा कधी? आगमनाच्या मेणबत्त्यांची गोष्ट तिला सांगितली. 1839 मध्ये हॅम्बुर्ग शहरात योहान हिन्रिक विखेर्न नावाचे एक धर्मसेवक गरीब मुलांसाठी घर चालवायचे. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुलांनी त्यांना भंडावून सोडलं. त्यांनी गाडीचं जुनं चाक घेतलं, रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि मधल्या दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटवायची. मुलांना थांबा म्हणून न सांगता, किती राहिलं ते दाखवलं.

आम्ही कागदावर तसंच चाक काढलं आणि रोज एक ज्योत पिवळी रंगवली. अर्ध्यात आलो तेव्हा निरोप आला, बदली माणूस मिळाला नाही, जानेवारीत सुटेन. मुलगी रडली, मीही. मग तिने विचारलं, चाकाला आणखी मेणबत्त्या काढल्या तर चालतील का? नाताळचे दिवस 25 ला संपत नाहीत, बारा दिवस चालतात आणि मग 6 जानेवारीला प्रकटीकरणाचा, म्हणजे मागी लोकांच्या आगमनाच्या आठवणीचा, सण येतो, हे मी तिला सांगितलं. काढल्या आम्ही. तिचा बाबा पाच तारखेला घरी आला, आणि सहाला आम्ही तिघांनी मिळून मत्तय 2 वाचला.

ज्यांच्या घरचं माणूस 25 ला पोहोचू शकत नाही, त्यांनी हा अध्याय सहा तारखेसाठी राखून ठेवावा. मागी लोक आले तेव्हा मरीया आणि बाळ गोठ्यात नव्हते, घरात होते. अकरावं वचन पाहा.